आधी बॅटरी काढ, मग बोलू

काढ ती बॅटरी. माझ्याकडे बघतोस काय? किल्ली लाव, बॅटरी बाहेर काढ, तिकडे टेबलावर ठेव आणि मग समोर उभा राहा. आत्ता मी आलो तेव्हा तू चेनपाशी बोटं घालून क्रँक फिरवत होतास आणि हँडलवरचा डिस्प्ले चालू होता. पेडलवर दाब आला की ढकलायचं, एवढंच त्या मोटरला ठाऊक. चेन आणि चक्रीच्या मध्ये कुणाचं बोट सापडलंय, हे ती बघत बसत नाही. ई-सायकलला पाना लावायचा तर पहिलं काम बॅटरी काढणं. मोटरच्या पुस्तिकेत हे सुरुवातीलाच छापलेलं असतं. पण सुरुवातीची पानं उलटून थेट चित्रांकडे धावणाऱ्यांतला तू.

आता ऐक, आणि मध्ये बोलू नकोस.

आज सकाळी शाळेच्या फाटकाशी तुला पाहिलं. मागच्या सीटवर पोरगी बसलेली, आणि पुलाच्या उतारावरून येताना तू दोन्ही बूट रस्त्याला घासत सायकल थांबवलीस. मी विचारलं, हे काय चाललंय? तर हसून म्हणालास, "सर, मागचा हब बदललाय. ब्रेक अजून सेट व्हायचाय." अरे, ब्रेक आपोआप सेट होत नसतो, करावा लागतो. आणि तो होईपर्यंत सायकल घरात उभी राहते, लेकराला घेऊन रस्त्यावर येत नाही. आयटीआयच्या वर्कशॉपात मी पोरांवर ओरडायचो ते घासलेला तुकडा मापात भरला नाही म्हणून. तिथे फार तर लोखंड वाया जायचं. तू काय पणाला लावलं होतंस, ते एकदा मोठ्याने बोलून बघ. जीभ रेटते का ते सांग.

दिवसभर इथे नेदरलँड्समध्ये त्या वेल्डहोव्हनच्या कंपनीत नॅनोमीटरच्या गप्पा मारतोस, आणि घरी दोन मिलिमीटर मोजायला पट्टी हातात घ्यावीशी वाटली नाही!

पहिल्यापासून घेऊ. जुना हब बदलावा असं वाटलंच का? "पाचव्या गिअरला पेडल सटकायचं." बरं. मग केबल तपासलीस? नाही ना? शिमानोचा आठ गिअरचा नेक्सस होता तो. उजव्या बाजूला, चक्रीजवळ, जिथे केबल येऊन मिळते तिथे दोन पिवळ्या रेघा असतात. शिफ्टर एकवरून चारवर आणायचा आणि त्या रेघा एका ओळीत आल्या का ते वाकून बघायचं. आल्या नसतील तर केबलचा ॲडजस्टर थोडा थोडा फिरवायचा. जुळल्या की पुन्हा एकवर जाऊन चारवर यायचं आणि खात्री करायची. झालं काम. पाना लागत नाही, हात काळे होत नाहीत. केबल वापराने सैल पडते, रेघा सरकतात, आतल्या खिट्ट्या अर्धवट पकडतात आणि जोर दिला की पेडल सटकतं. हब गेला म्हणून लोक कपाळाला हात लावतात तेव्हा पुष्कळदा फक्त या रेघा हललेल्या असतात. तू रेघा बघितल्याच नाहीस. थेट जुन्या बाजारातून अख्खं चाक उचलून आणलंस. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय?

बरं, रेघा जुळलेल्या असूनही सटकत असेल, तर पुढचा प्रश्न स्वतःला विचारायचा होता: मी गिअर टाकतो कसा? तुला मी पाहिलंय. पुलाच्या चढावर पेडलवर उभा राहून, मोटर पूर्ण जोरात असताना तू अंगठ्याने गिअर पाडतोस. हबच्या गिअरला हे चालत नाही. आतल्या खिट्ट्यांवरचा भार निघाल्याशिवाय त्या जागा बदलू शकत नाहीत. गिअर टाकताना पाय क्षणभर सैल सोडायचे. मोटर पाय थांबल्यावरही एखादा क्षण ढकलत राहते, तो क्षणही जाऊ द्यायचा, आणि मग पुन्हा जोर लावायचा. ही सवय नसेल तर आता बसवलेला हबही तू पुढच्या वर्षी सटकवणार आणि पुन्हा बाजार धुंडाळणार.

आता हे आणलेलं रत्न पाहू. सात गिअरचा नेक्सस, उलट पेडल मारून लागणाऱ्या ब्रेकचा. स्वस्त मिळाला म्हणून घेतलास. स्वस्त का मिळाला, हे विचारलंस? सायकलच्या दुकानात हब मागितला तर दुकानदाराने पहिला प्रश्न केला असता, मोटर कुठे आहे? कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. मोटर पुढच्या चाकात असेल तर ती पुढचं चाक ओढते आणि मागच्या हबला फक्त तुझ्या पायांचा जोर सोसावा लागतो. मोटर मागच्या चाकात असेल तर तिथे गिअरचा हब बसायला जागाच नाही. आणि मोटर मध्ये, पेडलांपाशी असेल, जशी तुझी आहे, तर तुझा जोर अधिक मोटरचा जोर, दोन्ही एकाच चेनवरून त्या मुठीएवढ्या डब्यात शिरतात. म्हणून तर मधल्या मोटरच्या सायकलींसाठी शिमानोने पाच गिअरचा इंटर-5ई वेगळा काढला. गंमत म्हणून नाही काढला.

कागद घे. लिही. तुझं वजन 75 किलो धरू, क्रँकची लांबी 170 मिलिमीटर. पेडलवर उभा राहिलास की क्रँकवर साधारण 125 न्यूटन-मीटर टॉर्क येतो. तुझी मोटर 50 न्यूटन-मीटरची. बेरीज 175. तुझ्या पुढच्या चक्रीला 38 दात आणि जुन्या चाकावरच्या मागच्या चक्रीला 19. गुणोत्तर बरोबर दोन. म्हणजे जुन्या हबमध्ये 175 चे निम्मे, साधारण 87 शिरत होते. आता या चाकावरचे दात मोज. मोठ्याने मोज. वीस, एकवीस, बावीस. 38 भागिले 22 म्हणजे पावणेदोनच्याही आत. आता हबमध्ये शिरतात 101. चढ हलका लागतो म्हणून तू खुशीत होतास, पण तो हलकेपणा हबने स्वतःच्या दातांवर घेतलाय. आठ गिअरच्या हबसाठी शिमानो हे गुणोत्तर दोन किंवा थोडं वर ठेवायला सांगते, ते उगाच नाही. चाक विकत घेताना रिमचा रंग जुळतो का ते बघितलंस, चक्रीचे दात मोजले नाहीस.

आता खरी चूक. खाली बस आणि हा एक्सल बघ. नटाच्या आत काय आहे? वायसर. कुठला? पिवळा. डावीकडे? तपकिरी. हे रंग हौसेचे नाहीत. एक्सल दोन बाजूंनी चपटा असतो, त्यावर हा वायसर घट्ट बसतो, आणि वायसरचा हा दात फ्रेमच्या खाचेत अडकतो. एक्सलला फिरू न देणं, एवढंच त्याचं काम. फ्रेमची खाच कशी आहे त्यावर वायसरचा रंग ठरतो. पिवळा आणि तपकिरी आडव्या खाचेचे. तुझ्या फ्रेमची खाच उभी आहे. तिथे उजवीकडे निळा आणि डावीकडे हिरवा लागतो. ते दोन्ही तुझ्या जुन्या चाकावर होते! ते तसेच डब्यात टाकून तू हे लावलेस. मग दात खाचेत बसवला की केबलचं तोंड भलतीकडे वळायला लागलं. इथे तरी थांबून विचार करायचा. तू काय केलंस? दाखव तो वायसर इकडे. कानशीने दात घासलास! कानस कशी धरायची हे मी तुला शिकवलं ते याच्यासाठी?

तो दात इतका का महत्त्वाचा, ते समजून घे, नाहीतर उद्या दुसरा काहीतरी घासशील. हबच्या आत मध्यभागी सन गिअर, त्याभोवती फिरणारे प्लॅनेट आणि बाहेर आतून दाते असलेली रिंग. स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा एडब्ल्यू हब घे, 1936 सालचा, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा. त्यात सन गिअरला 20 दात, रिंगला 60. सन गिअर एक्सलला पक्का. प्लॅनेटचा पिंजरा फिरवून रिंगमधून गती घेतली तर 80 भागिले 60, म्हणजे चाक सव्वापटीहून जास्त वेगाने फिरतं. उलट केलं, रिंग फिरवून पिंजऱ्यातून घेतली, तर 60 भागिले 80, पाऊणपट. आणि दोन्ही एकत्र बांधली तर सरळ एकास एक. तुझ्या सात गिअरच्या हबमध्ये भाग जास्त, हिशेब तोच.

आता मुद्दा. सन गिअर जागेवर राहतो तो कशाच्या जोरावर? एक्सलच्या. एक्सल कशाच्या? फ्रेमच्या. आणि फ्रेम आणि एक्सल यांच्यामध्ये पकड कुणाची? या वायसरच्या दाताची. तुझ्या हबचा पहिला गिअर 0.632 चा. आत 101 गेले की चाकाला 160 मिळतात. वरचे 59 आले कुठून? फ्रेमकडून. म्हणजे चढावर पहिल्या गिअरला तुझा एक्सल 59 न्यूटन-मीटरच्या जोराने मागे फिरू बघतो. वरच्या गिअरला उलट, पुढे फिरू बघतो. रोज मागे-पुढे, मागे-पुढे. घासलेला दात ते किती दिवस धरणार? मग ते काम नटाला करावं लागतं, नट हळूहळू ढिला होतो, एक्सल फिरतो, केबल ओढली जाते, गिअर आपोआप बदलतो, आणि हे सगळं पोरगी मागे असताना. ॲल्युमिनियमच्या फ्रेमची खाच एकदा का रुंदावली की फ्रेम भंगारात.

नट किती आवळलास? "चांगला घट्ट." घट्ट हे माप नाही. 30 ते 45 न्यूटन-मीटर, असं शिमानो सांगते. टॉर्क पाना त्या भिंतीवर टांगलाय, तुझ्या उंचीवर. आणि मला दिसतंय की हा हब तुझ्या फ्रेमच्या रुंदीपेक्षा थोडा अरुंद आहे. तू नट आवळून फ्रेमची दोन्ही टोकं आत ओढलीस. पोलादाची फ्रेम एखाद वेळ असं सहन करते. ॲल्युमिनियमला ते मान्य नाही, ते तडकून उत्तर देतं. चाक घेण्याआधी फ्रेमच्या दोन खाचांमधलं अंतर मोजायचं आणि हबच्या दोन लॉकनटमधलं अंतर मोजायचं. दोन मापं. शाळेतल्या पट्टीने झाली असती.

आता ब्रेक. आज सकाळी बूट का घासत होतास ते सांगतो. तुझ्या जुन्या चाकात रोलर ब्रेक होता, डाव्या लिव्हरने लागणारा. तो काढलास, केबल प्लास्टिकच्या पट्टीने फ्रेमला बांधून टाकलीस आणि ठरवलंस की आता उलट पेडल मारून थांबायचं. एकदा तरी क्रँक उलटा फिरवून बघितलास? ये, फिरव. क्रँक मागे जातोय. चेन? चेन हललीसुद्धा नाही. तुझ्या मोटरमध्ये फ्रीव्हील आहे. मागे फिरवलेलं पेडल चेनपर्यंत पोचतच नाही, मग हबपर्यंत काय पोचणार? उलट पेडलच्या ब्रेकसाठी वेगळ्या प्रकारची मोटर लागते, तुझी तशी नाही. हा ब्रेक या सायकलवर जन्मात लागणार नव्हता. तो "सेट" व्हायची वाट पाहत तू पुलावरून उतरलास!

आणि हे बघ, हबच्या डाव्या बाजूची ही पट्टी. ब्रेक लागला की सगळा जोर हिच्यावर येतो, म्हणून ती क्लिपने फ्रेमला बांधायची असते. तुझी तर मोकळी लोंबतेय. ब्रेक लागला असता तर ती गरकन फिरून स्पोकमध्ये गेली असती. लागत नव्हता म्हणून वाचलास. दोन चुकांनी एकमेकींना सावरलं, यात तुझं कर्तृत्व शून्य. युरोपातल्या ई-सायकलच्या मानकात, ईएन 15194 मध्ये, दोन स्वतंत्र ब्रेक हवेत. तुझ्याकडे एक होता, पुढचा, आणि ओल्या रस्त्यावर मागे वजन असताना नुसता पुढचा ब्रेक दाबायचा म्हणजे काय होतं, हे तुला सांगायला हवं का?

त्यानंतरची कहाणी तर तूच मला रंगवून सांगितलीस. चाक बसवलं, डिस्प्लेवर 503 आलं, मोटर साथ देईना. तू लगेच निष्कर्ष काढलास: सेन्सर गेला, नवा कुठे मिळेल? अरे, 503 म्हणजे वेगाच्या सेन्सरची तक्रार. सेन्सर फ्रेमवर जिथल्या तिथे होता. त्याच्यासमोरून फिरणारं चुंबक जुन्या चाकाच्या स्पोकवर राहिलं होतं. याच चुंबकावरून मोटरला वेग कळतो आणि ताशी 25 किलोमीटरला ती हात आखडता घेते. 250 वॉट आणि 25 किलोमीटर, या मर्यादेत आहे म्हणून इथल्या कायद्याने ही सायकल आहे. आपल्याकडे भारतातही नियम साधारण असाच. ते चुंबक सापडल्यावर तू काय केलंस? इन्सुलेशन टेपने चिकटवलंस. सेन्सर आणि चुंबक यांच्यात 5 ते 17 मिलिमीटर अंतर हवं. ते मोजलंस का, हे आता मी विचारतही नाही.

मान खाली घालू नकोस, वर बघ. एक गोष्ट तू बरी केलीस, तीही सांगतो. जुना हब फेकला नाहीस, उघडून बघितलास. डावीकडचा कोन सोडलास, आतलं युनिट अख्खं बाहेर काढलंस, हे मला आवडलं. आत काय आहे ते बघावंसं वाटणं ही कारागिराची पहिली खूण. पण लगेच माती खाल्लीस. युनिट पेट्रोलने धुऊन कोरडं ठेवलंस, छर्रे वाटीत, कोन खिडकीत, आणि एकही फोटो नाही. पुण्याला सायकलवाल्याकडे पोरगा कामाला लागला की आधी त्याला छर्रे मोजून डबीत ठेवायला लावायचे. पाना खूप नंतर हातात यायचा. या हबला पेट्रोल लागत नाही. युनिट कंपनीच्या तेलात बुडवायचं, निथळू द्यायचं, ग्रीस भरायचं आणि जोडायचं. पहिल्या 1000 किलोमीटरनंतर एकदा आणि पुढे दोन वर्षांतून एकदा, फार चालवत असलास तर दर 5000 किलोमीटरला, एवढीच त्याची अपेक्षा. तुझ्या त्या हबने एकदाही तेलाचं तोंड पाहिलं नसणार.

तुझं शिक्षण कमी नाही, तुझे हातही वाईट नाहीत. स्पोक सरळ करताना तुझं बोट रिमवर किती हलकं असतं, ते मी बघितलंय. तुझा दोष एकच: बसलं की झालं, असं तुला वाटतं. चाक खाचेत बसलं, नट आवळला गेला, सायकल पुढे गेली, म्हणजे काम फत्ते. वर्कशॉपात आम्ही तुकडा जोडला की तो ओढून बघायचो, पिळून बघायचो, मगच गुण द्यायचो. तू बघितलंस काय, तर सायकल पुढे जाते का. ती थांबते का, हे पोरीला बसवून, रस्त्यावर बघायला निघालास. न येणं मी माफ करतो, येत नसेल तर शिकवायला मी बसलोय. न तपासणं माफ नाही.

आता काम ऐक, आणि लिहून घे, तुझ्या लक्षात राहण्यावर माझा भरवसा नाही. हे सात गिअरचं चाक काढायचं. जुना हब तेल-ग्रीस भरून जोडायचा, कोन असा लावायचा की चाक डुलणार नाही आणि जडही फिरणार नाही. उजवीकडे निळा वायसर, डावीकडे हिरवा, दोघांचे दात खाचेत पूर्ण गेलेत हे माझ्या डोळ्यांदेखत. नट टॉर्क पान्याने. चेन मधोमध वर-खाली साधारण एक सेंटिमीटर हलली पाहिजे, त्याहून फार सैल नको, ताणलेली तर मुळीच नको. रोलर ब्रेकची पट्टी क्लिपने फ्रेमला, केबल नवी. शिफ्टर चारवर, पिवळ्या रेघा एका ओळीत. चुंबक स्पोकवर त्याच्या स्क्रूने, टेपने नाही. मग बॅटरी. मग रिकाम्या मैदानात तू एकटा, आधी चालत ढकलून मागचा ब्रेक दाबायचा, मग हळू चालवत, मग पूर्ण वेगात. त्यानंतर नट पुन्हा तपासायचे. घासलेला तो पिवळा वायसर फेकायचा नाही, माझ्याकडे द्यायचा. पुढच्या विद्यार्थ्याला दाखवायला मला लागेल.

आणि हे सगळं होऊन मी स्वतः हो म्हणेपर्यंत पोरीला शाळेत चालत न्यायचं. त्याआधी ही सायकल शाळेच्या फाटकाशी दिसली, तर पुढचं चाक काढून मी घरी घेऊन जाईन, आणि ते परत न्यायला तुला तुझ्या बायकोला बरोबर घेऊन यावं लागेल.